मिस्त्री कधीतरी जाणारच, पण गॅरेज का रिकामं व्हावं?

पत्र:

मानेवाडा रोडवर माझं चारचाकीचं मल्टिब्रँड गॅरेज आहे, बारा वर्षं झाली. दोन लिफ्ट, माझ्यासकट सात माणसं. गेल्या दीड वर्षात चार मिस्त्री सोडून गेले. एक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेला, फक्त तीन हजार जास्त मिळतात म्हणून. एक पुण्याला गेला. एक उचल घेऊन न सांगता गायब झाला. चौथ्याने तर माझ्यापासून तीनशे मीटरवर शटर उघडलं आणि गिऱ्हाइकंही नेली. आता उरलेला मुख्य मिस्त्री म्हणतो, "दिवाळीनंतर बघतो सेठ." जाहिरात टाकली की पोरं येतात, पंधरा दिवसांत पळतात. एका ओळखीच्याने सुचवलं की नवीन माणसाकडून दोन वर्षांचा बॉण्ड घ्या, मूळ सर्टिफिकेट ठेवून घ्या, दोन किलोमीटरच्या आत गॅरेज टाकणार नाही असं लिहून घ्या. करू का? आपण घडवायचं आणि त्यांनी लाथ मारून जायचं, हे किती दिवस चालणार?

– त्रासलेला गॅरेजवाला, नागपूर

उत्तर:

नमस्कार भाऊ,

बॉण्डचा विषय आधी संपवून टाकू. "सोडून गेल्यावर दोन किलोमीटरच्या आत गॅरेज टाकणार नाही" हे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी कोर्टात टिकत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे कोणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. मूळ सर्टिफिकेट कपाटात कोंडून ठेवणं हा तर उघड दांडगावा झाला. जाणाऱ्याचा शेवटचा पगार अडकवायचा विचार असेल तर तोही सोडा. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. ज्याच्या हाताला चार ठिकाणी मागणी आहे, तो सर्टिफिकेट मागितल्याबरोबर उठून जाईल. ज्याला कुठेच कोणी उभं करत नाही, तो मुकाट्याने सही करेल. म्हणजे बॉण्ड लावून तुम्ही नेमकी नको ती माणसं निवडणार.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. गॅरेजात हात बसलेला मिस्त्री कधीतरी जाणारच. या धंद्याची रीतच तशी आहे, आणि तुम्हीही बहुतेक कुठल्या तरी उस्तादाच्या हाताखालून निघूनच शटर उघडलं असेल. तेव्हा जाऊच नये म्हणून जीव काढण्यात अर्थ नाही. तो किती वर्षं राहतो, जाताना किती आधी सांगतो आणि त्या दिवशी त्याच्या मागे कोण तयार उभा आहे, एवढ्या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. चार-पाच वर्षं टिकला, दोन महिने आधी सांगितलं आणि मागे दुसरा तयार असला, तर तुमचं काही बिघडत नाही. तुमच्याकडे दीड वर्षात चौघे गेले, त्यातला एक न सांगता, आणि मागे कोणीच नव्हतं. दुखणं ते आहे.

तीन हजारांसाठी गेला म्हणता. मला वाटतं तो तीन हजारांसाठी गेला नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पगार ठरल्या तारखेला खात्यात पडतो, रविवार म्हणजे रविवार असतो, ईएसआयचं (सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड मिळतं, वर्षातून ट्रेनिंग होतं. लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांना सांगायला एक नाव असतं. उलट तिथे काम तुकड्यांत असतं. एकच माणूस महिनाभर पेड सर्व्हिसच करत बसतो, इंजिन खोलायची पाळी क्वचित येते. छोट्या गॅरेजचं बळ नेमकं तिथे आहे: इथे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, सगळ्या प्रकारचे फॉल्ट येतात, पोरगा तीन वर्षांत पक्का मिस्त्री होतो. पण शिकण्याची ही ओढ पगाराच्या बेभरवशावर फार दिवस तग धरत नाही.

म्हणून पहिलं काम पगाराच्या तारखेचं. सात तारीख म्हणजे सात तारीख, खात्यात, धंदा मंदा असो की तेजीत. "आज एवढे घे, बाकीचे शनिवारी" हे ज्या गॅरेजात चालतं, तिथला चांगला माणूस मनाने कधीचाच निघून गेलेला असतो.

उचलीचं काय ते नीट लावा. पुष्कळ मालकांना वाटतं की उचल दिली की माणूस बांधला गेला. तुमच्या गायब झालेल्या मिस्त्रीने काय केलं ते बघा. उचल वाढत जाते, पगारातून कापून हातात काहीच उरत नाही आणि एक दिवस त्याला हिशेब करण्यापेक्षा पळणं सोपं वाटतं. उचलीच्या जोरावर माणसाला अडवून ठेवणं तर वेठबिगारीच्या जवळ जातं, आणि त्याविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. साधा नियम करा. उचल अर्ध्या पगाराच्या वर नाही, कापणी दोन-तीन ठरलेल्या हप्त्यांत, वही दोघांची, महिन्याच्या शेवटी दोघांची सही. घरात दवाखाना किंवा बहिणीचं लग्न निघालं तर ते वेगळं लिहा. त्याला कर्ज म्हणा, हप्ता छोटा ठेवा आणि तो सोडून निघाला तर बाकी कशी फेडायची तेही त्यातच लिहा.

ईएसआय दहा माणसांपासून लागू होतं आणि पीएफ वीसपासून, त्यामुळे तुमच्या गॅरेजला दोन्हींची सक्ती नाही. पण काहीच करू नका असा त्याचा अर्थ नाही. बँकेतून जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत होतो, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. सहा जणांचे वर्षाचे २,७३६ रुपये झाले, एका क्लच सेटपेक्षा कमीच. ते मालकाने भरायचे आणि पावती पोराच्या घरी जाऊ द्यायची. जीवन ज्योतीत नाव घालायला वय ५० पर्यंतच चालतं, म्हणून एखाद्या जुन्या काकाचं वय आधी बघून घ्या.

आता जरा अवघड विषय. तुमच्या मिस्त्रीला स्पेअरच्या दुकानातून कमिशन मिळतं का? मिळत असणार. तुम्हाला माहीतही असेल आणि डोळेझाक करत असाल. बऱ्याच गॅरेजांत मिस्त्रीची खरी कमाई अशी दोन खिशांची असते. यात नुकसान तुमचंच. ज्या दुकानात कमिशन जास्त, त्याच दुकानाचा पार्ट गाडीला लागतो, आणि गाडी परत आली की शिव्या तुम्ही खाता. पण हे नुसतं बंद केलंत तर त्याचा पगार एका फटक्यात कमी होईल आणि तो महिन्याभरात जाईल. आधी त्याच्या कमाईला दुसरी, उघड वाट द्या, मग स्पेअरची खरेदी स्वतःच्या हातात घ्या.

ती वाट लेबरमधल्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या कामाच्या मजुरीतल्या, हिश्शाची. समजा त्याचा पगार १८,००० आहे. त्याच्या हातून महिन्याला निघालेली लेबर पगाराच्या तिप्पट, म्हणजे ५४,००० होईपर्यंत जास्तीचं काही नाही. त्यातून जागेचं भाडं, वीज, हेल्पर आणि तुमचं घर चालायचं आहे. त्याच्या वर जेवढी लेबर जाईल, तिचे दहा टक्के त्याचे. ७४,००० झाली तर वरच्या २०,००० चे २,००० रुपये, आणि त्यातला चौथा हिस्सा त्याच्या हेल्परचा. हिस्सा फक्त लेबरवर ठेवा, पार्टवर अजिबात नको. पार्टवर ठेवलात तर चांगल्या चाललेल्या गाडीचं सस्पेन्शन बदलायचा सल्ला गिऱ्हाइकाला मिळायला लागेल. एका महिन्यात त्याच तक्रारीसाठी परत आलेली गाडी तो फुकट करेल आणि ती लेबर मोजायची नाही. पार्टच खराब निघाला असेल तर मात्र दोष त्याचा धरू नका. हे आकडे तुमच्या गॅरेजला जसेच्या तसे बसतील असं नाही. गेल्या सहा महिन्यांची जॉबकार्डं (प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद) काढून स्वतः हिशेब करा. जॉबकार्डंच नसतील तर आजपासून लिहा, त्याशिवाय कोणालाच न्याय देता येणार नाही.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून फॉल्ट वाचायचं मशीन. नागपुरातल्या एका गॅरेजात हेल्परच्या तोंडून ऐकलं होतं: "सेठ, स्कॅनर तं तुमच्याच कपाटात राह्यते, मी का शिकू इथं?" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमालकाने एकदा तरी ऐकलं पाहिजे. महागाची वस्तू आहे, पडली-फुटली तर काय, ही भीती मला समजते. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचे कडक नियम आले आणि स्कॅनरशिवायच्या मिस्त्रीचं अर्धं काम थांबलं. शहरात पाच-सात किलोमीटर फिरणारी डिझेल गाडी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक करून आली, तर तिथे पाना काय कामाचा? मशीन लावून रिजनरेशन मारावं लागतं, म्हणजे साठलेली काजळी जाळावी लागते, आणि त्याआधी चोक का झाला ते डेटा वाचून ठरवावं लागतं. हे फक्त मालकाला येत असेल तर पोरांना वाटतं, आपण इथे फक्त नट खोलणार. मुख्य मिस्त्रीला स्कॅनर हातात द्या, दुसऱ्याला त्याच्या शेजारी उभा करा. बॅटरीवाले, ऑइलवाले, स्कॅनरवाले आपल्या मालासाठी ट्रेनिंग ठेवतात. तिथे दर वेळी स्वतः जाऊ नका, पोरांना पाळीपाळीने पाठवा, त्या दिवसाचा पगार धरून. शिकून आला की दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास बाकीच्यांना सांगेल, एवढी अट घाला. "शिकवलं तर निघून जाईल" ही भीती खरी आहे, पण न शिकवलेला राहिला तर तुम्ही करणार काय त्याचं?

पान्यांवरूनही माणसं जातात, हे मालकांना खरं वाटत नाही. दहा नंबरची गोटी (सॉकेट) हरवली की संध्याकाळी सगळ्यांच्या पगारातून कापायची, हा प्रकार मी स्वतः पाहिलाय. दोनशे रुपयांच्या गोटीपायी वीस हजारांचा माणूस दुखावतो. प्रत्येक मिस्त्रीला त्याची वेगळी ट्रॉली द्या आणि आत काय आहे त्याची यादी सहीनिशी ठेवा. भिंतीवरच्या बोर्डवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवा, म्हणजे संध्याकाळी रिकामी जागा लगेच दिसते. वर्षाला थोडी रक्कम हत्यारांसाठी वेगळी काढा. झीज-तूट मालकाची, हरवलं तर अर्धं-अर्धं.

नागपूरचा उन्हाळा. पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला हे सुचणारच नाही. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि पंचेचाळीस तर आपल्याला सवयीचं झालंय. पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या इंजिनावर वाकून दुपारी दोन वाजता एसीचा कंडेन्सर काढणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याच महिन्यात एसीच्या गाड्यांची रांग लागते, म्हणजे तुमचा कमाईचा आणि त्याचा जीव जायचा महिना एकच. मे महिन्यात वेळ बदला: सकाळी सात ते बारा आणि साडेचार ते साडेआठ. गिऱ्हाइकांना बोर्ड लावून कळवा. कामठी-हिंगण्याकडून येणारा दुपारी घरी जाऊ शकणार नाही, त्याला पडायला मागची खोली आणि एक मोठा कूलर. पत्र्यावर पांढरा रंग मारा. तेवढा एकच महिना बघून पळणारी पोरं कमी होतील.

सुट्यांचं कॅलेंडर जानेवारीतच भिंतीवर लावा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत, तान्हा पोळा, दसऱ्याला दीक्षाभूमी, ईद, राखी. कोणाला कुठला दिवस हवा ते आधीच लिहून घ्या. बालाघाट-छिंदवाड्याकडचा पोरगा होळीला गावी जाणार म्हणजे जाणार. तुम्ही "नको जाऊ" म्हटलंत तर तो जाईलच, फक्त परत येणार नाही. पेरणीच्या दिवसांतही घरी शेती असलेल्यांना चार-पाच दिवस द्यावे लागतात. पावसाआधी वायपर-ब्रेकची गर्दी असते, म्हणून पाळ्या लावा.

भरतीकडे उशिरा येतोय, कारण गळकी टाकी भरत बसण्यात मला रस नाही. पण माणूस तर लागणारच. मोबाइलवरच्या जाहिरातीला येणारी पोरं बहुतेक इकडून तिकडे फिरणारी असतात. श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये जा आणि तिथल्या निदेशकांना (शिकवणाऱ्यांना) भेटा. मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेलचा एक वर्षाचा. निकाल लागल्यावर जाल तर हुशार पोरं कंपन्यांनी उचललेली असतील, म्हणून परीक्षेच्या आधीच जा, दोन-तीन पोरांना गॅरेज दाखवायला बोलवा. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला अ‍ॅप्रेंटिस घेणं ऐच्छिक आहे. तुमच्या आकाराला एखादाच बसेल, पण केंद्राच्या २०१६ सालच्या योजनेतून त्याच्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० पर्यंत, सरकारकडून येतो. नोंदणीची कटकट आहे, एकदाच करावी लागते. आणि चौदाच्या आतलं पोर "शिकायला ठेवा" म्हणून कोणी आणून सोडलं तर सरळ शाळेत पाठवा. तो गुन्हा आहे आणि तसंही ते बरं दिसत नाही.

सोळा आणे मिस्त्री म्हणून आलेल्या माणसाला गप्पांवर घेऊ नका. एक दिवस पगारी काम द्या. एका गाडीत स्वतः फॉल्ट घाला, फ्यूएल पंपाची रिले काढून ठेवा किंवा अर्थिंगची वायर ढिली करा, आणि दूर चहा पीत उभे राहा. तो आधी गाडीची तक्रार विचारतो की सरळ बॉनेट उघडतो? सीटवर कव्हर टाकतो का? जॅक लावल्यावर गाडीखाली स्टँड ठेवतो का? चाकाचे नट हाताने लावून घेतो की सुरुवातीलाच गनने ठोकतो? फॉल्ट सापडला नाही तर "मला कळत नाही, विचारू का" म्हणतो की तीन पार्ट बदलायला सांगतो? यातल्या शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त मार्क ठेवतो. आणखी एक: आधीच्या माणसाचा साळा, मग साळ्याचा मित्र अशी भरती झटपट होते, पण जातात तेव्हाही ते जोडीने जातात. एकाच घरातले दोनच्या वर नकोत.

तीनशे मीटरवरच्याचं. गिऱ्हाइकं त्याने नेली असं तुम्ही म्हणता, पण गिऱ्हाइकांकडे नंबर कोणाचा होता? मिस्त्रीचा. गाडीत काय काम झालं ते कोणाला पाठ होतं? मिस्त्रीला. गिऱ्हाइक त्या हातामागे जाणारच. यापुढे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप गॅरेजच्या एकाच नंबरवर. प्रत्येक गाडीचा इतिहास जॉबकार्डात, पुढच्या सर्व्हिसची आठवण गॅरेजकडून. गाडी देताना तुम्ही गिऱ्हाइकाशी बोला, पण मिस्त्रीलाही शेजारी उभं करून केलेलं काम त्याच्या तोंडून सांगू द्या. त्याचं नाव लपवून गिऱ्हाइक टिकत नाही, उलट त्याचा मान राहिला की तो टिकतो. आणि त्या पोराशी अबोला धरू नका. त्याच्याकडे लिफ्ट नाही, बहुधा स्कॅनरही नसेल. त्याच्या गाड्या तुमच्याकडे स्कॅनिंगला येऊ द्या, ठरलेला दर घ्या. गिअरबॉक्सचं मोठं काम आलं की तो तुमच्याकडे पाठवेल, कारण त्याला तुमच्या गॅरेजची लिफ्ट माहीत आहे.

राहिला तुमचा आत्ताचा मुख्य मिस्त्री. "दिवाळीनंतर बघतो" असं त्याने तोंडाने सांगितलं, हेच तुमच्या बाजूने आहे. गायब होणारे सांगत नाहीत. या रविवारी गॅरेज बंद असताना, दोघंच, त्याच्याशी बसा. लगेच पगार वाढवून देतो म्हणू नका, नाहीतर बाकीचेही "दिवाळीनंतर बघतो" म्हणायला शिकतील. आधी विचारा: स्वतःचं टाकायचंय, की दुसरीकडून बोलावणं आलंय, की घरचं काही आहे? दुसरीकडचं असेल तर लेबरचा हिस्सा, स्कॅनर आणि सुटीचं जे लिहिलंय ते कागदावर त्याच्यासमोर ठेवा आणि ते सगळ्यांना लागू होणार हेही सांगा. घरचं असेल तर ऐकून घ्या, त्यावर सल्ला देणारा मी कोण. स्वतःचं टाकायचं असेल तर अडवू नका. होळीपर्यंत थांब म्हणा, त्या बदल्यात निघताना त्याची ट्रॉली त्याला द्या, आणि उद्या सकाळपासून तुमच्या हेल्परांपैकी जो जास्त प्रश्न विचारतो, त्याला त्याच्याबरोबर लावा.